‘टू किल अ मॉकिंगबर्ड’: कागद-पेन्सिल घेऊन वाचायची रहस्यकथा

हार्पर ली यांची १९६० सालची ही कादंबरी आपल्याकडे हाती येते ती वर्णभेदावरचं थोर पुस्तक म्हणून, आणि त्या आदरापोटीच बऱ्याचदा अर्ध्यावर सुटते. रहस्यकथा म्हणून उघडा. पहिल्याच परिच्छेदात गोष्ट सांगणाऱ्या स्काउटच्या भावाचा, जेमचा, हात कोपरात मोडलाय आणि डावा हात उजव्यापेक्षा थोडा आखूड राहिलाय. तिथं खूण करून ठेवा. हात मोडला कसा, ते थेट २८व्या प्रकरणात कळतं. मलपृष्ठ आणि प्रस्तावना मात्र आधी वाचू नका.

एकूण ३१ प्रकरणं. पहिल्या ११ प्रकरणांत खटल्याची, म्हणजे मायेला या गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा आरोप एका काळ्या माणसावर आहे त्याची, नुसती कुजबुज आहे, म्हणून पानं उलटली जातात. तसं करू नका. बापानं वर्षानुवर्षं घरात कोंडलेला बू रॅडली इथंच आहे. ओकच्या ढोलीत तो मुलांसाठी वस्तू ठेवतो: च्युइंगगम, जुनी नाणी, साबणाच्या कोरलेल्या दोन बाहुल्या, बंद पडलेलं घड्याळ. एके दिवशी ती ढोली सिमेंटनं बुजवलेली दिसते. जेम रडतो, पण कुणाला दिसू देत नाही. शेवट कळायचा तर हे रडणं लक्षात हवं.

१७ ते १९ ही प्रकरणं एका बैठकीत वाचा. कागदावर एक चेहरा काढा. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, आधी मायेलाचा डावा डोळा सुजला होता म्हणतो, मग सुधारतो: उजवा. समोरच्या माणसाची डावी-उजवी बाजू उलटते, वाचक नेमका इथं चुकतो. गळ्याभोवती सगळीकडे बोटांचे वळ. डॉक्टरला कुणी बोलावलंच नाही. तिचा बाप लिफाफ्यावर नाव लिहितो ते डाव्या हातानं. आणि आरोपी टॉम रॉबिन्सनचा डावा हात लहानपणी सरकी काढायच्या यंत्रात सापडून निकामी झालेला, उजव्यापेक्षा १२ इंच आखूड.

कोडं तिथंच सुटतं: समोरून उजव्या डोळ्यावर मारणारा डावखुरा असणार, आणि टॉमचा डावा हातच चालत नाही. तरी ज्युरी दोषी ठरवते. आपल्या कोर्टांची सवय असलेल्याला वाटतं, निकालपत्र कुठाय? ज्युरीला कारणं द्यावीच लागत नाहीत. कारण शोधायचं तर टॉमच्या साक्षीतलं एक वाक्य बघा: मला तिची कीव आली. काळ्या माणसानं गोऱ्या मुलीची कीव करावी, हे त्या कोर्टाला सोसत नाही. सरकारी वकील नेमकं तेच वाक्य उचलतो. लेखिकेचं कसब सगळ्यात जास्त इथं जाणवतं.

भाषा अलाबामाच्या खेड्यातली, शब्द मोडून लिहिलेले. अडलात तर संवाद मोठ्यानं वाचा, निम्मी अडचण जाते.

खरी उणीव दुसरीच आहे. अन्याय टॉमवर होतो आणि ओरखडा दिसतो तो स्काउट-जेमच्या मनावर. साताऱ्याच्या वाचकाला हा फरक पटकन कळेल. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर घरच्या इतर मुलांसोबत वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्यानं पायी चालायचं या बोलीवर. वाटेत प्यायला पाणी मिळेना. ती आठवण ज्याच्यावर गुदरली त्यानंच लिहिलीय. या कादंबरीत टॉमच्या मुलांना तेवढी जागा नाही. २५व्या प्रकरणात ती अंगणात गोट्या खेळताना दिसतात. एक चिमुरडी, केसांच्या बारीक वेण्यांना फिती बांधलेली, टॉमचा वकील आणि स्काउट-जेमचा बाप असलेल्या ॲटिकसकडे हसत येते, पण पायऱ्या उतरता येत नाहीत. तो टोपी काढतो, बोट पुढं करतो, ती ते धरून खाली येते. तिचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही.