सिनॅप्सवर काम करायचंय: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप की पॅच क्लॅम्प?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा एमएस्सीचा विद्यार्थी मेंदूवर पीएचडी करायची म्हणाला की पहिला पेच गावाचा पडतो. धारवाड जवळ, कोल्हापूरला आपली भाषा, पुण्याला मामा, बेंगळुरूला रात्रीच्या गाडीने जाता येतं. घरच्यांची चर्चा तिथेच संपते. माझ्या मते गाव नंतर बघावं. आधी ठरवावं ते हे, की सिनॅप्सचा, म्हणजे दोन न्यूरॉन (मेंदूतल्या सिग्नल नेणाऱ्या पेशी) जिथे भेटतात त्या सांध्याचा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने फोटो काढायचा आहे की त्यातून जाणारा करंट पॅच क्लॅम्पने मोजायचा आहे. दोन्हींसाठी अंगी लागणारे गुण वेगळे, आणि उत्तरंही वेगळी मिळतात.

फोटोची बाजू आधी. रासायनिक सिनॅप्समध्ये दोन न्यूरॉनमधली फट साधारण 20 नॅनोमीटरची. साध्या मायक्रोस्कोपची नजर 200 नॅनोमीटरच्या आसपासच अडते. ‘सिनॅप्स’ हे नाव 1897 पासून होतं, पण फट खरोखर आहे हे डोळ्यांनी दिसलं ते 1950च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर. 1959 मध्ये जॉर्ज ग्रे यांनी कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, सिनॅप्सचे दोन प्रकार केले. एकात घेणाऱ्या बाजूला जाड काळा थर असतो आणि तो बहुतेक वेळा स्पाइनवर, म्हणजे डेंड्राइटच्या (न्यूरॉनच्या सिग्नल घेणाऱ्या फांदीच्या) बारीक बोंडावर, बसलेला असतो. दुसऱ्यात दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात, आणि तो बऱ्याचदा पेशीच्या अंगावर किंवा डेंड्राइटच्या दांड्यावर असतो. पुढे कळलं की पहिला बहुतांशी उत्तेजक, दुसरा बहुतांशी दमन करणारा. नुसत्या फोटोवरून सिनॅप्सचं काम इतकं ओळखता येतं, हे मला आजही थोर वाटतं.

आकारही बोलतो. स्पाइनचं डोकं मोठं असेल तर काळा थर मोठा, समोरच्या बाजूला रसायनाच्या पुटिका (बारीक पिशव्या) जास्त, आणि ग्लुटामेट हे सिग्नल देणारं रसायन पकडणारे आम्पा रिसेप्टरही जास्त. 2021 मध्ये झुरिकच्या गटाने उंदराच्या कॉर्टेक्समध्ये जोडलेल्या दोन न्यूरॉनमधला सिग्नल मोजला आणि मग तेच सिनॅप्स इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली शोधून काढले. थराचं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितका सिग्नल मोठा, अगदी सरळ रेषेत. एका सिनॅप्समधून एका वेळी एकापेक्षा जास्त पुटिका फुटू शकतात, हेही त्याच कामात दिसलं.

मग फोटोच पुरे नाही का? नाही. 1995 मध्ये ‘मूक सिनॅप्स’चे पुरावे आले. तिथे एनएमडीए रिसेप्टर (ग्लुटामेट पकडणारी दुसरी जात) असतात, पण आम्पा रिसेप्टरचं काम दिसत नाही. पेशी विश्रांतीत असताना मॅग्नेशियमचा आयन एनएमडीएचं तोंड बंद करून बसतो, त्यामुळे ग्लुटामेट आलं तरी करंट जवळपास शून्य. स्टॉपची पाटी आहे, पण गाडी थांबत नाही, असला प्रकार. फोटोत थर, फट, पुटिका सगळं जागच्या जागी दिसेल. पुटिका फुटण्याची शक्यता किती, हे तर सिनॅप्स मेलेला असताना कळणारच नाही, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो मेलेलाच असतो.

पॅच क्लॅम्प इथे कामी येतो. एर्विन नेहेर आणि बर्ट साकमन यांनी 1976 मध्ये हे तंत्र मांडलं, 1991 मध्ये नोबेल मिळालं. मेंदूचा साधारण 300 मायक्रोमीटर जाडीचा काप, त्याखालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेलं खारट द्रावण, आणि टोकाला जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर भोक असलेली काचेची नळी. ती पेशीला टेकवायची आणि नळीला जोडलेल्या रबरी ट्यूबने तोंडानेच हलकं ओढायचं. पडदा काचेला चिकटला की गिगाओहमचं, म्हणजे करंट गळू न देणारं, सील बसतं. जरा जोरात ओढलं तर पेशी फाटते. काप काही तासच जिवंत राहतो, म्हणून जेवणाची वेळ तुमच्या हातात नसते. त्यात वायरिंगमधला 50 हर्ट्झचा गुंजारव रेकॉर्डिंगमध्ये शिरला की अर्धा दिवस अर्थिंग शोधण्यात जातो.

याउलट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचं काम संथ. ऑस्मियमने ऊती काळी करा, रेझिनमध्ये बसवा, हिऱ्याच्या सुरीने काप घ्या. पाण्यावर तरंगणाऱ्या कापाचा रंग बघून जाडी कळते: करडा म्हणजे सुमारे 60 नॅनोमीटरच्या आत, सोनेरी दिसला तर जाड झाला. मग महिनोन्‌महिने संगणकावर रेषा ओढत बसा. बैठक आणि थोडं प्रोग्रॅमिंग असेल तर जमेल. पीएचडीनंतर नोकरी हवी असेल तर इमेज अॅनालिसिसचं हे कौशल्य जास्त विकलं जातं, हेही खरं.

आणखी एक मुद्दा कुणी आधी सांगत नाही. पॅच क्लॅम्पमध्ये उंदीर जवळजवळ रोज मारावा लागतो. फोटोच्या कामात एका प्राण्यावर कित्येक महिने निघतात. घरात अंडंही येत नसेल तर स्वतःला हे आधीच विचारा.

सुपर-रिझोल्यूशन मायक्रोस्कोप, म्हणजे 200 नॅनोमीटरची अडचण ओलांडणारा प्रकाशाचा मायक्रोस्कोप, हा तिसरा पर्याय आहेच, 2014चं नोबेल त्यालाच. पण पहिलं तंत्र म्हणून मी तो सुचवणार नाही. तो रिसेप्टर कुठे बसलेत ते दाखवतो, पण आजूबाजूची सगळी जोडणी नाही.

माझा कौल पॅच क्लॅम्पला. कारण सीमाभागातल्या विद्यार्थ्याला फोटो आता घरबसल्या मिळतात. 2024 मध्ये माशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला, 1,39,255 न्यूरॉन आणि सुमारे 5 कोटी सिनॅप्स. 2025 मध्ये उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्सचा घन मिलिमीटर आला, 50 कोटींहून जास्त सिनॅप्सचा, आणि त्याच प्राण्यातल्या सुमारे 75,000 न्यूरॉनच्या सक्रियतेच्या नोंदींसकट. दोन्ही ब्राउझरमध्ये उघडतात. बेळगावच्या टिळकवाडीतल्या खोलीत लॅपटॉपवर बसून ग्रेचे दोन्ही प्रकार ओळखायला एमएस्सीच्या सुट्टीतच शिकता येईल. करंट मोजायचं टेबल मात्र कुणी घरी आणून देणार नाही. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था असो, तिथलंच जीवविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र एनसीबीएस असो की पुण्याची विज्ञान संस्था आयसर, जिथे ते टेबल आहे तिथे जावंच लागेल.

मुलाखतीला गेलात की गाइडना नुसतं ‘पॅच होतं का’ असं विचारू नका. रेकॉर्ड केलेल्या पेशीत बायोसायटिन (नंतर रंगवून पेशी दिसू देणारं रसायन) भरून नंतर तिचा आकार बघता का, ते विचारा. हो म्हणाले तर दोन्ही हाताला लागेल. नाही म्हणाले तर पुढच्या लॅबचं दार वाजवा, मग ते कोल्हापूरहून कितीही लांब असो.