विलीज सीजे-३बी जीप: दीड वर्ष, सात हजार किलोमीटर

आधी गाडी आणि वापर. विलीज सीजे-३बी, महिंद्राने परवान्याखाली भारतात बांधलेली, उजव्या स्टिअरिंगची, मूळ पेट्रोल इंजिन शाबूत असलेली. दीड वर्षाचा वापर, सात हजार किलोमीटरच्या आसपास. निम्मं डांबर, बाकी शेतरस्ते, घाट आणि पावसाळ्यातला चिखल. अ‍ॅव्हरेज लिटरला आठ. एवढ्या वापरानंतर एक मत पक्कं झालं आहे: या गाडीत कुठलाही भाग का आहे ते डोळ्यांनी दिसतं, तो साध्या पान्याने उघडतो आणि हाताने परत बसतो. लोक जीपवर जीव टाकतात त्याचं मूळ इथे आहे. गाडीचा इतिहासही तिच्या नटबोल्टांतूनच वाचायला मिळतो.

उदाहरणार्थ समोरची जाळी. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडून हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या. पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० ला पोचवला तो पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम कंपनीने. आरेखन कार्ल प्रॉब्स्ट यांचं. ओहायोतल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडकडे मात्र दमदार इंजिन होतं, बार्नी रूस यांनी सुधारलेलं २.२ लिटरचं ‘गो डेव्हिल’, ६० हॉर्सपॉवरचं. विलीजचं ‘एमबी’ हे मॉडेल लष्कराने पक्कं केलं आणि त्याच आरेखनावर फोर्डनेही गाड्या काढल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांच्या वर. सुरुवातीच्या विलीजला पुढे पट्ट्या वेल्ड केलेली जाळी असे. फोर्डने त्याऐवजी एकाच पत्र्यातून दाबून नऊ फटींची जाळी काढली, हलकी आणि स्वस्त. १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए आली, सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. तिचे दिवे मोठे होते, म्हणून फटी सात उरल्या. त्या सात आजतागायत आहेत. मालक मात्र बदलत गेले: १९५३ मध्ये कैसर, १९७० मध्ये एएमसी, १९८७ मध्ये क्रायस्लर, पुढे फियाट आणि २०२१ पासून स्टेलांटिस. पुण्याजवळ रांजणगावात बनणाऱ्या जीप कंपासच्या नाकावरही त्याच सात फटी आहेत.

सीजे-३बी ची ओळख म्हणजे तिचं उंच बॉनेट. १९५३ च्या या मॉडेलमध्ये ‘हरिकेन’ एफ-१३४ इंजिन आलं. आकार तोच २.२ लिटर, पण इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. ताकद ७० हॉर्सपॉवरच्या वर गेली, इंजिन मात्र उंच झालं. ते मावावं म्हणून बॉनेट वर उचललं. टोलेडोत ही गाडी १९६८ पर्यंत बनली, दीड लाखाहून थोडी जास्त. मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू करणाऱ्या महिंद्राने हाच साचा पुढे अनेक दशकं चालवला. तहसील कचेरी, पाटबंधारे खातं, साखर कारखाना, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे हेच उंच नाक होतं. आपल्याकडे ‘जीप’ हा शब्द ब्रँडचा न राहता गाडीच्या जातीचा झाला तो त्यामुळेच.

आता चालवण्याबद्दल. मागचं-पुढचं डिफरन्शियल ५.३८ चं आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. लष्करी एमबीचं ४.८८ होतं. नांगर आणि ट्रेलर ओढायचे म्हणून सिव्हिलियन गाडीला हा आकडा वाढवला; ओढण्याची ताकद वाढते, वेग घटतो. त्याची किंमत महामार्गावर मोजावी लागते. ६.००-१६ टायरवर ताशी ६० ला इंजिन साधारण २,३५० फेऱ्यांवर असतं, ८० ला ३,१५० वर. लांब स्ट्रोकच्या या इंजिनाला ५५ ते ६५ हाच सुखाचा वेग. ८० ने तासभर पळवण्याची हौस बेअरिंगवर निघते. उलट लो रेंज आणि पहिला गिअर लावला की एकूण गुणोत्तर ३७ ला १ होतं. १,००० फेऱ्यांवर गाडी ताशी पावणेचार किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने, चढ चढते. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचीही गरज पडत नाही. ओल्या बांधावरून, गोट्यांच्या ओढ्यातून ही गाडी ज्या शांतपणे निघते, त्यासाठी तिचं बाकी सगळं सोसावं.

गिअरबॉक्स टी-९०, तीन गिअरचा. पहिल्याला आणि रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून देणारी रिंग) नाही, तेव्हा पहिला गाडी थांबल्यावरच टाकायचा. दात घासल्याचा आवाज येत असेल तर दोष बहुधा सवयीचा असतो. मागे जोडलेल्या डाना-१८ ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारं खोकं) दोन दांडे आहेत. पुढचं अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नाही; एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर लोची सगळी ताकद येऊ नये म्हणून आत तशी अडणी ठेवली आहे. कित्येकजण दांड्यावर जोर काढत बसतात. मध्ये तिसरं डिफरन्शियल नाही, म्हणून कोरड्या डांबरावर फोर बाय फोर कधीच लावू नये. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, शाफ्टमध्ये पीळ भरतो आणि दांडा अडकून बसतो. अडकलाच तर ओढाताण न करता सरळ रेषेत दोन-तीन मीटर रिव्हर्स घ्यावा. पीळ सुटतो, दांडा आपोआप मोकळा होतो.

गिअरबॉक्समध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये प्रत्येकी साधारण दीड लिटर ९० नंबरचं तेल लागतं. ते जीएल-४ दर्जाचं घ्यावं. जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंग खातात. दोन्ही खोक्यांमधली सील झिजली की एकाचं तेल दुसऱ्यात जातं. एकाची पातळी चढलेली आणि दुसऱ्याची उतरलेली दिसली, तर बाहेर गळती शोधण्यात अर्थ नाही. दर महिन्याला दोन्ही प्लग उघडून करंगळी घालून पातळी बघणं हा पाच मिनिटांचा उद्योग आहे.

इंजिनाच्या ट्यूनिंगवर थोडं सविस्तर, कारण ‘पिकअप नाही, तापते’ या तक्रारींचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची बारीक फट, थंड इंजिनावर लावायचे: इनटेकला ०.४६ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.४१. इनटेकचे वर रॉकरवर सोपे आहेत. एक्झॉस्टचे ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाआड, मॅनिफोल्डखाली, अडचणीच्या जागी आहेत, आणि म्हणून गॅरेजमध्ये त्यांना हात लागतच नाही. नेमके तेच घट्ट होतात. व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही, सीटमार्फत थंड होत नाही आणि जळतो. चारही प्लग काढावेत, पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवावं. १-३-४-२ हा फायरिंगचा क्रम. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून त्याचे दोन टॅपेट लावायचे, मग अर्धा फेरा, तिसरा. अर्धा फेरा, चौथा. अर्धा फेरा, दुसरा. फिलर गेजची पाती ओढताना लोण्यातून सुरी निघावी तसा हलका अडथळा जाणवला पाहिजे. सैल राहिला तर टिकटिक ऐकू येते आणि पुन्हा लावता येतो. घट्ट राहिलेला टॅपेट आवाज करत नाही, धोका तिथे आहे.

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.५ मिलिमीटर, प्लगची ०.७५, ठिणगीचं टायमिंग पिस्टनच्या वरच्या टोकाच्या ५ अंश आधी. पॉइंट झिजून फट कमी झाली की टायमिंग मागे सरकतं आणि गाडी घाटात तापायला लागते. लोक मात्र रेडिएटर बदलून बसतात. तापण्याची दुसरी जागा म्हणजे ब्लॉकचा मागचा भाग. चौथ्या सिलिंडरमागे गंज आणि गाळ साचतो. ड्रेन कॉक उघडूनही पाणी येत नसेल तर तारेने टोकरावं, उलट दिशेने पाणी सोडावं. पंख्याभोवतीचं पत्र्याचं आवरण मागे कुणी काढून फेकलं असेल तर ते परत बसवावं. इंजिन ऑइल चार लिटरच्या आसपास, साधं खनिज २०डब्ल्यू-४० किंवा ५०. या इंजिनात सगळं तेल फिल्टरमधून जात नाही, थोडाच भाग जातो. म्हणून ३,००० किलोमीटरच्या पुढे तेल लांबवू नये.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि हे इंजिन त्या काळाचं नाही. जुन्या रबरी नळ्या आतून फुगून तुटतात, त्यांचा चुरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. सगळ्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्यावा आणि टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावावा. टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नये, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. उन्हाळ्यात गरम गाडी बंद केल्यावर दहा मिनिटांनी सुरू होत नसेल तर नळी एक्झॉस्टला खेटली आहे का ते आधी बघावं.

स्टिअरिंगचा थरकाप या गाडीच्या बदनामीचं मुख्य कारण. ताशी ४५-५० ला खड्डा लागला की पुढची चाकं थडथडायला लागतात आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाहीत. लोक स्टिअरिंग डॅम्पर बसवतात. त्याने लक्षण दबतं, रोग तसाच राहतो. तपासणीचा क्रम असा ठेवावा: टायरमध्ये हवा २६ पीएसआय, दोन्ही बाजूंना सारखी. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावं. खेळ सापडला तर आधी व्हील बेअरिंग, मग किंगपिनचं (चाक ज्याभोवती वळतं तो खिळा) बेअरिंग. किंगपिनचा खेळ शिम (पातळ चकत्या) काढून घट्ट करता येतो. नंतर टाय रॉडची टोकं आणि मधला बेलक्रँक, म्हणजे स्टिअरिंगचा जोर टाय रॉडकडे वळवणारा तुकडा. त्यानंतर पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी). शेवटी टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची पुढची बाजू आत वळलेली, सव्वा ते अडीच मिलिमीटर. शॅकलचे बुश आट्यांचे आहेत आणि त्यातले काही उलट्या आट्यांचे. ते न बघता पाना मारला की आटे गेलेच. ग्रीसगनने दर हजार किलोमीटरला सगळी निपल भरावीत, पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी. पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाच्या गोल नकलचं (चाक वळवणारा सांधा) सील फाटलं असेल तर ओढ्याचं पाणी आतल्या जॉइंटपर्यंत जातं आणि ग्रीसचा दुधाळ चिखल होतो.

ब्रेक ९ इंची ड्रमचे आणि एकाच सर्किटचे. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. ट्रेलर ओढायचा असेल तर या ब्रेकवर विसंबू नये. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं, सिलिंडर गंजायचे वाचतात. हँडब्रेकची गोष्ट प्रत्येकाला ठाऊक हवी: तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर आहे. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियल मोकळं होतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. चाक बदलताना समोरच्या चाकाला दगड हवाच. आणि मूळ हब असतील तर डाव्या चाकांचे नट उलटे फिरतात. पंक्चरवाल्याने एअर गन लावण्याआधी हे त्याला सांगावं.

आराम, प्रवासी, सामान याविषयी लिहिण्यासारखं फार नाही. पाटे कडक आहेत, मागच्या बाकावर तासाभरापुढे कुणी खूश नसतं, वायपर नावापुरते. उघड्या बाजूंनी वारा येतो, तोच एसी.

कागदपत्रांबद्दल. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून करावं लागतं. ५० वर्षांवरील मूळ स्थितीतल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही; मेळावे, प्रदर्शनं, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. शेतावर जायला हवी असेल तर साधीच नोंदणी ठेवावी. पुष्कळ गाड्यांत मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलेलं असतं. आरसीवर इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. चॅसीचा नंबर घासून स्वच्छ करून वाचावा, फोटोवर विसंबू नये.

घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याला गाडी आधीच सुरू करून ठेवू देऊ नका, इंजिन थंड हवं. इग्निशन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये. पुढून हँडल घाला, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटं फिरलं तर मुठीत धरलेला अंगठा मोडतो. खालून वर ओढत सावकाश दोन पूर्ण फेरे काढा. चार वेळा हाताला सारखाच जोर लागला पाहिजे. एखादा अर्धा फेरा ढिला गेला आणि खाली एक्झॉस्टमधून फुस्स ऐकू आलं, तर तो जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आहे. हेड उतरवून ग्राइंडिंग आणि सीटचा खर्च धरूनच बोलणी करा.