ओट्याला कडप्पा की काळा ग्रॅनाइट?

नव्या घरात रंग आणि पडद्यांवर दहा मतं निघतात, ओट्याचा दगड मात्र मिस्त्रीवर सोडून दिला जातो. तसं करू नका.

कडप्पा स्वस्त पडतो. पण तो चुनखडीचा दगड, आंबट त्याला सोसत नाही. आणि आपल्या विदर्भात उन्हाळाभर घरात कैरीच कैरी: पन्हं, लोणचं, वर लिंबू. कैरीच्या फोडींचं पाणी रात्रभर ओट्यावर राहिलं, की सकाळी तेवढ्या जागेची चकाकी उडालेली असते. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. हा डाग घासून जात नाही, पुन्हा पॉलिशच मारावं लागतं.

ग्रॅनाइट महाग, पण आंबटाला दाद देत नाही. हिवाळ्यात सोले-वांग्याची तर्री सांडली तरी ओल्या फडक्यानं निघते. बोअरच्या क्षारी पाण्याचे पांढरे ठिपके मात्र काळ्या रंगावर लगेच दिसतात, म्हणून रोज रात्री ओटा कोरडा पुसायचा.

माझं मत स्पष्ट आहे: पैसे मोजकेच असतील तर वर ग्रॅनाइट घ्या आणि खालच्या मांडणीला कडप्पा लावा. तुरीची डाळ, तांदूळ, तिखटाचे डबे ठेवायला तो उत्तम.