वरून हात न पोचणाऱ्या छतात एलईडी लाइट: आठ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रिशियन नाही, इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो आणि घरातली छोटी कामं स्वतः करतो कारण इथे माणूस बोलवायचा म्हणजे नुसत्या येण्याचेच पैसे ऐकून घाम फुटतो. आमच्या आधीच्या मालकाने लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, खोली काढली, त्यामुळे बेडरूमच्या छतावर थेट वरच्या खोलीची जमीन, लॅमिनेट अन् त्यावर आई-बाबा आले की त्यांचा पलंग. म्हणजे वरून वायरींना हात लावायचा विषयच नाही, जे काय करायचं ते खालून, स्टुलावर उभं राहून, मान वर करून.

लटकणारा जुना बल्ब काढून १८ वॉटचा चपटा गोल एलईडी लावला. उजेड मस्त, आत किडे जात नाहीत, बायको खूश. कंपनीचं नाव नाही लिहीत कारण तक्रार आहे, आणि ती उजेडाची नाहीये, जागेची आहे. बेस जेमतेम तीन सेंटिमीटर खोल, आत वायरी जोडायला तीन भोकांचा एक टर्मिनल ब्लॉक, आणि कागदावर चित्र असं की जणू छतातून तीनच वायरी येतात. माझ्या छतातून आल्या नऊ.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये दिव्याच्या पॉइंटला पाइपमधून दोनच वायरी येतात, लूपिंग, म्हणजे एका पॉइंटवरून पुढच्याला वायर नेणं, सगळं स्विचबोर्डात. इथल्या जुन्या घरांत बहुतेक उलटं असतं. सप्लाय आधी छतातल्या सीलिंग रोझमध्ये, म्हणजे दिवा जिथून लटकतो त्या गोल डबीत, येतो, तिथून पुढच्या खोलीच्या रोझला जातो, आणि स्विचला फक्त एक केबल खाली उतरते. (म्हणूनच इथे स्विचमध्ये न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, सापडत नाही आणि ती लागणारा, हौसेने घेतलेला स्मार्ट स्विच कपाटात पडून राहतो, अनुभव आहे.) तर तीन केबल, प्रत्येकीत लाल, काळी आणि अर्थिंगची वायर. २००४ पासून इथे तपकिरी-निळे रंग आले, त्याआधीचं काम लाल-काळं.

आता खरी गंमत. स्विचच्या केबलमधली काळी ही न्यूट्रल नसते, ती स्विचमधून परत आलेली फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, असते. तिच्यावर लाल किंवा तपकिरी नळी घालायची पद्धत आहे पण आमच्याकडे कोणी घातलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी छोट्या खोलीत मी सगळ्या लाल एकत्र, सगळ्या काळ्या एकत्र असा साधा हिशोब केला. एमसीबी (मेन बोर्डातला, गडबड झाली की आपोआप पडणारा स्विच) वर केला तर भिंतीवरचा स्विच बंद असताना दिवा लागला, आणि स्विच चालू केला तर धाडकन एमसीबी पडला. अर्धा तास दिव्याला शिव्या घातल्या. म्हणून यावेळी काहीही सोडायच्या आधी चार बाजूंनी फोटो काढले आणि स्विचच्या काळीला टेप गुंडाळली.

दुसरं म्हणजे भिंतीवरचा स्विच बंद केला म्हणून हात घालू नका, रोझमधल्या लाल वायरींत करंट असतोच. एमसीबीच खाली करायचा. आपल्याकडचा निऑनवाला टेस्टर मी आणलाय पण इथे दोन टोकांचा टेस्टर वापरतात, आधी चालू सॉकेटवर तपासून घ्यायचा, मग छतात, मग परत सॉकेटवर.

जोडायला वॅगो कंपनीचे २२१ वाले लिव्हरचे कनेक्टर घेतले, आणि ह्या सगळ्या प्रकरणात पैसे कुठे वसूल झाले असतील तर इथे. वायर ११ मिलिमीटर सोलायची, लिव्हर वर, वायर आत, लिव्हर खाली, झालं. तीन लाल एका तीन भोकांवाल्यात, त्यांचा दिव्याशी काही संबंध नाही. उरलेल्या दोन काळ्या आणि दिव्याची न्यूट्रल दुसऱ्या तीनवाल्यात. टेपवाली काळी दिव्याच्या फेजला दोनवाल्यात. अर्थिंगच्या तिन्ही वायरी आणि दिव्याची अर्थिंगची वायर पाचवाल्यात, एक भोक रिकामं. पारदर्शक असल्यामुळे वायर शेवटपर्यंत गेली का ते दिसतं, मान अवघडलेली असताना हे फार मोठं सुख आहे.

पण मग हे चार कनेक्टर ठेवायचे कुठे? छताच्या भोकातून वर ढकलून द्यायचा मोह होतो. स्क्रूवाले जोड असे बंद पोकळीत गाडायला इथल्या नियमात परवानगी नाही, कारण स्क्रू ढिले होतात आणि पुन्हा बघायला कोणी पोचू शकत नाही. माझे जोड लिव्हरचे, पण पुन्हा बघता यावेत म्हणून एक गोल पॅट्रेस आणला, म्हणजे प्लास्टिकची कडी, दिव्याच्या आणि छताच्या मध्ये बसते. सगळे जोड तिच्यात. दिवा तीनऐवजी साडेपाच सेंटिमीटर खाली दिसतो, पहिला आठवडा बायकोला खटकलं, आता कोणाचं लक्ष जात नाही. जुन्या रोझच्या मागे लाकडाची पट्टी होती, पॅट्रेस त्यातच आवळला, नुसत्या प्लास्टरबोर्डवर भरवसा ठेवला नाही. आमचं छत गुळगुळीत आहे म्हणून बिनधास्त ड्रिल मारलं, खडबडीत नक्षीचं आर्टेक्स असेल आणि घर २००० च्या आधीचं असेल तर ड्रिलच्या आधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या.

आठ महिन्यांत काय झालं? जोड एकदा उघडून बघितले, कुठे रंग बदललेला नाही, काही ढिलं नाही. दिव्याचं झाकण मात्र फालतू, फिरवून बसतं आणि तीनातली एक खाच दुसऱ्याच महिन्यात तुटली. आणि रात्री स्विच बंद केल्यावर दिवा अगदी मंद चमकत राहतो. आधी घाबरलो, वाटलं वायरिंग चुकलं, पण स्विचच्या केबलमध्ये शेजारी शेजारी पळणाऱ्या वायरींमुळे थोडासा करंट झिरपतो आणि एलईडीला तेवढाही पुरतो. त्यावर हा झिरपलेला करंट वळवून घेणारा, दिव्याला समांतर जोडायचा छोटा स्नबर मिळतो, अजून लावला नाही, मुलगी म्हणते नाइट लॅम्प आहे, राहू दे.

जिन्यावरचा दिवा बाकी आहे. तिथे वर-खाली दोन स्विच आहेत, रोझ उघडला, फोटो काढला, गुपचूप बंद केला आणि इलेक्ट्रिशियनला मेसेज टाकला.