केबल की ओटीटी? ठाण्याच्या नौपाड्यातल्या घराचा हिशेब

आमच्याकडे दोन्ही आहे आणि दोन्हींचं बिल मीच भरतो. सरळ सांगायचं तर घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर केबलचा छोटा मराठी पॅक राहू द्या. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये एकटे राहणाऱ्यांनी मात्र त्या भानगडीत पडूच नये.

केबलला डोकं चालवावं लागत नाही. संध्याकाळी सासूबाई रिमोटची दोन बटणं दाबतात, मालिका सुरू. ओटीटीवरही त्याच मालिका आहेत, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५वर. पण अ‍ॅप शोधा, प्रोफाइल निवडा, मधेच ओटीपी मागितला की "अहो, जरा बघा ना" अशी हाक येतेच.

क्रिकेट तर केबलवरच. स्ट्रीमिंग काही सेकंद मागे असतं, शेजारी "आउट!" म्हणून ओरडतात तेव्हा आमच्या पडद्यावर बोलर अजून रनअपच घेत असतो.

पैशांचं गणित उलटं. 2019 पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमाने चॅनल निवडून घेता येतात, तरी केबलवाला तयार पॅकच गळ्यात मारतो. त्यात नेटवर्कचं शुल्क वेगळं, वर 18 टक्के जीएसटी. यादी मागा, न बघितले जाणारे पे चॅनल काढायला लावा. सह्याद्री तर फुकटच आहे. ओटीटी हव्या त्या महिन्यापुरतं घेता येतं, फक्त ऑटोपे आठवणीने बंद करा. आणि हो, वाय-फायचं बिलही त्याच खात्यात मांडा; ते कुणी मोजतच नाही.