कॅलरी मोजायचं ॲप: चांगलं आहे पण ॲक्टिव्हिटी लेव्हल बघून निवडा

बरेच महिने वापरतेय, जेवणाची नोंद पटकन होते, बारकोड स्कॅन पण मस्त चालतं. पण सेटअपमधला ॲक्टिव्हिटी लेव्हलचा प्रश्न ॲपने फारच घाईत उरकलाय आणि सगळं गणित तर त्यावरच उभं आहे ना! बीएमआर (म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीराला दिवसभरात लागणाऱ्या कॅलरी) १५०० असेल तर बैठं काम म्हणजे १.२ ने गुणून १८०० कॅलरी येतात, आणि मॉडरेट (मध्यम हालचाल) निवडलं की १.५५ ने थेट २३२५, म्हणजे एका क्लिकवर रोजचा ५२५ चा फरक, वजन कमी करायला लोक साधारण तेवढीच तूट ठेवतात, ती सगळी इथेच गेली.

आणि मॉडरेटमध्ये व्यायाम आधीच धरलेला असतो, वर परत वॉक, जिम टाकलं की तोच दोनदा मोजला जातो, ॲप साधी वॉर्निंगही देत नाही, हे मला खरंच खटकतं.

दिवसभर खुर्चीत बसून काम असेल तर सरळ बैठी लेव्हल घ्या आणि व्यायाम वेगळा टाका, तोही स्मार्टवॉच जेवढ्या कॅलरी दाखवतं तेवढा पूर्ण नको, कारण तो आकडा बऱ्याचदा फुगलेला असतो. मग ३-४ आठवडे वजनाची सरासरी बघून टार्गेट थोडं वरखाली करा. ४ स्टार देतेय.