न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट: एन्सेफलायटिसनंतर मुलांना कितपत उपयोगी?

डिस्चार्ज कार्डावर ‘रिकव्हरी चांगली’ असा शेरा असतो. मूल चालतं, बोलतं, हाताने जेवतं. पण ‘वही दप्तरात टाक, बाटली भर आणि मग बूट घाल’ असं एका दमात सांगितलं, की वही दप्तरात जाते आणि बाकीचं राहून जातं. ऑटोइम्यून एन्सेफलायटिसनंतर, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूवर हल्ला करून सूज आणल्यानंतर, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

याचं कारण मोजपट्टीत आहे. न्यूरॉलॉजिस्ट वापरतात ती मॉडिफाइड रँकिन स्केल (0 ते 6) मुळात पक्षाघाताच्या रुग्णांसाठीची. ती चालणं-फिरणं आणि स्वतःचं स्वतः करणं पाहते, गणिताच्या तासाला लक्ष टिकतं का ते नाही. या आजाराचाच एक प्रकार असलेल्या एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसवरच्या 2013 च्या मोठ्या अभ्यासात 577 रुग्ण होते, त्यातले 37 टक्के 18 वर्षांखालचे. दोन वर्षांनी माहिती उपलब्ध असलेल्यांपैकी 81 टक्के रुग्ण 0 ते 2 या ‘चांगल्या’ गटात होते. आनंदाचीच गोष्ट. पण लक्ष टिकवणं आणि थकवा या दोन तक्रारी मुलांमध्ये मागे उरतात, हे 2018 च्या डच अभ्यासाने दाखवलं. त्या पकडायच्या तर न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट, म्हणजे लक्ष, स्मरणशक्ती, विचाराचा वेग मोजणारी सविस्तर चाचणी लागतेच.

आमचं मत आधीच सांगतो: चाचणीला पाचपैकी साडेचार, हातात पडणाऱ्या अहवालाला बहुतेक वेळा अडीच.

वेळ चुकली की सगळंच फुकट जातं. स्टिरॉइडचा डोस मोठा असताना झोप आणि मूड दोन्ही बिघडलेले असतात. फिट्ससाठी टोपिरामेट चालू असेल तर शब्द सुचायला वेळ लागतो. अशा दिवसांतला आकडा आजाराचा की औषधाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. शाळेत परत पाठवण्याआधी तासाभराची छोटी तपासणी पुरते. पूर्ण चाचणी साधारण सहा महिने ते वर्षभराने, औषधं स्थिरावल्यावर करावी. पुढची किमान वर्षभराने, कारण तीच चाचणी लवकर केली तर सरावाने गुण वाढतात आणि घरचे उगाच खूश होतात.

पूर्ण चाचणीला चार ते सहा तास लागतात. ‘एका दिवसात उरकून टाकू’ म्हणणाऱ्या केंद्राला सरळ नाही म्हणा. दोन सकाळी मागून घ्या. आणि केवळ दुसऱ्या तासानंतर गुण घसरले असतील, तर तीही माहितीच आहे. कुठली उपचाचणी किती वाजता घेतली ते नोंदवायला सांगा.

आता आतलं बघू. 6 ते 16 वयासाठी सहसा विस्क-5 ही बुद्धिमत्ता चाचणी वापरतात. तिचे पाच निर्देशांक (वेगवेगळ्या क्षमतांचे गुण) असतात आणि एक एकूण बुद्ध्यंक. एकूण आकड्यावर जाऊ नका. समजा भाषिक आकलन 108 आणि प्रक्रियेचा वेग 78. सरासरी 100 धरली तर पहिला आकडा शंभरात खालून सत्तराव्या जागेच्या आसपास, दुसरा खालून सातव्या. दोन्ही मिसळून येणारा ‘सर्वसाधारण’ हा शेरा त्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. त्याला उत्तर येतं, पण ते कागदावर उतरेपर्यंत वर्ग पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो.

वेगाच्या त्या आकड्यातही खोच आहे. त्याच्या दोन मुख्य उपचाचण्या पेन्सिलने, प्रत्येकी 120 सेकंदांत करायच्या असतात. आजारात हाताच्या हालचाली बिघडल्या असतील आणि थोडी थरथर उरली असेल, तर गुण हातामुळे जातात, विचारामुळे नाही. चांगला परीक्षक हे लिहितो. लिहिलं नसेल तर विचारा.

स्मरणशक्तीची शब्दयादी हा आमच्या मते सगळ्यात कामाचा भाग. 15 शब्द पाच वेळा ऐकवतात, वीसेक मिनिटांनी पुन्हा विचारतात. मुलाला आपणहून आठवत नाही, पण ‘हा शब्द होता का?’ विचारल्यावर ओळखता येतं? मग शब्द आत गेलाय, बाहेर काढताना अडतोय. अशा मुलाला पर्यायी प्रश्न किंवा पहिल्या अक्षराची खूण दिली की जमतं. ओळखताही येत नसेल तर खुणा देऊन फायदा नाही. छोटे भाग, पुन्हा पुन्हा उजळणी आणि भिंतीवर लिहिलेलं वेळापत्रक हाच मार्ग.

थकव्याची प्रश्नावली बहुतेक ठिकाणी गाळतात, हा या सेवेचा मोठा दोष. पेड्सक्यूएल या मुलांसाठीच्या प्रश्नावली-संचात थकव्याची 18 प्रश्नांची प्रश्नावली आहे, मुलासाठी वेगळी आणि पालकांसाठी वेगळी. फार तर दहा मिनिटांचं काम.

ती गाळली की शिफारशी चुकतात. जवळपास प्रत्येक अहवालाच्या शेवटी ‘परीक्षेत जादा वेळ द्यावा’ हे वाक्य छापल्यासारखं येतं. वेग कमी असलेल्या मुलाला ते योग्य आहे. पण थकणाऱ्या मुलाचा तीन तासांचा पेपर चार तासांचा केला, तर शेवटचा तास पूर्ण वाया. त्याला हवेत दोन भागांत पेपर, मध्ये पडून राहायला जागा, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील टिपणं, एका वेळी एकच सूचना. सुरुवातीला अर्धाच दिवस शाळा, आणि अवघड विषय पहिल्या दोन तासांत. अहवालाची वीस पानं शिक्षक वाचणार नाहीत. हे एवढंच एका पानावर वेगळं लिहून मागा.

दुसऱ्या चाचणीनंतर घरात हमखास घबराट होते: गुण 92 होते, 85 झाले! इथे मूळ गुण (तुलना करण्याआधीचे, प्रत्यक्ष मिळालेले) मागून घ्यावेत. अहवालातले गुण त्याच वयाच्या मुलांशी तुलना करून काढलेले असतात. मूळ गुण तेवढेच असतील किंवा थोडे वाढले असतील, तर मुलाने काही गमावलेलं नाही, बरोबरीची मुलं जास्त वेगाने पुढे गेलीत, मदत वाढवायची. मूळ गुणच खाली आले असतील, किंवा सोबत झोप उडणं, वागण्यात अचानक बदल, बोलणं कमी होणं, फिट असं काही असेल, तर तिसऱ्या चाचणीची तारीख घेत बसू नका. आधी न्यूरॉलॉजिस्टला फोन करा: 2013 च्या त्याच अभ्यासात सुमारे 12 टक्के रुग्णांना दोन वर्षांत आजार उलटला होता.